‘माजलेली’ घोडी आणि माजावरची घोडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या अंकात आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात एक बातमी होती. ‘माजलेली घोडी वरातीत उधळली, नवरदेव बालंबाल बचावला’. शेवटी असंही लिहिलं होतं की मालकाने चार जणांसमोर चांगला चोप दिल्यावर घोडी ताळ्यावर आली. नवरदेवाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही हे वाचून हायसं वाटलं. पण सोबतचा फोटो मी चष्मा लावून दोनदा बघितला, आणि घोडीची बाजू कुणी विचारलीच नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी पसरणीची. पाचगणीच्या टेबललँडवर आमच्या दोन घोड्या पर्यटकांना फेऱ्या मारतात. माझे यजमान गेले त्याला दहाएक वर्षं होत आली. तेव्हापासून मी आणि थोरला मुलगा हा धंदा बघतो. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे हे आमचे कमाईचे दिवस. जूनमध्ये घाटमाथ्यावर पाऊस कोसळायला लागला की घोड्या खाली गावात आणायच्या आणि श्रावण-भादवा कसाबसा काढायचा. शिक्षण दहावी. पण घोड्यांच्या लिदीत आणि मुताच्या वासात तीस वर्षं काढलीत, तेवढ्या जोरावर लिहिते.

फोटोत घोडी उधळलेली नाही. ती थांबलेली आहे. मागचे पाय फाकवलेत, कंबर जराशी खाली गेलीय, शेपूट उचलून एका अंगाला धरलंय. तिच्या मागे चार हातांवर बग्गीचा घोडा दिसतो. त्याचे कान पुढे आणि मान ताठ. घोडेवाल्याला एवढं बघून कळतं. ही घोडी माजावर होती, म्हणजे नर घ्यायचे तिचे दिवस होते, आणि मागे नर होता. तिला पुढे हाकायला कुणीतरी टाच मारली असणार, वर डीजे आणि फटाके, मग काय व्हायचं ते झालं. मी तिथे नव्हते, तेव्हा शपथेवर सांगणार नाही. पण ‘माजलेली’ आणि ‘माजावर आलेली’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे वर्तमानपत्राने तरी धरावं.

माझे सासरे घोडीसाठी ‘माज’ म्हणायचेच नाहीत. ‘अलंगेवर आली’ म्हणायचे. म्हशीला माज, घोडीला अलंग. तो शब्द त्यांच्याबरोबर गेला. आता सगळ्यांना एकच माज, आणि आपल्या भाषेत माज उतरवायचा असतो. गाय माजावर आली की आपण डॉक्टरला फोन करतो. घोडी माजावर आली की चाबूक काढतो. आमच्या लाइनीत मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, ‘थांब, हिचा माज उतरवतो.’ अर्धा मार त्या शब्दामुळेच बसतो, असं माझं मत झालंय.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या भागात सगळ्यांना जनावर माहीत असतं ते गाय-म्हैस. गाईचा माज एका दिवसाच्या आत-बाहेर आटपतो. सकाळी हंबरली, संध्याकाळी भरवली (रेतन केलं), दुसऱ्या दिवशी शांत. घोडीचं तसं नाही. तिचंही चक्र २१-२२ दिवसांचंच, पण त्यातले ५ ते ७ दिवस ती माजावर असते. एखादी दोन-तीन दिवसांत उरकते, एखादी नऊ-दहा दिवस घेते. उरलेले दोन आठवडे तिला घोडा जवळ आलेला खपत नाही, कान पाडून लाथ घालते. गाईच्या हिशोबाने बघणाऱ्याला चौथ्या दिवशीच वाटतं, ‘हिचा माज काही जात नाही, काहीतरी बिघडलंय.’ बिघडलेलं काही नसतं. लोक माझ्याकडे ‘घोडीचा माज लांबला’ म्हणून येतात, तेव्हा मी आधी विचारते, दिवस मोजलेत का? बहुतेकांनी मोजलेले नसतात.

मी तरी कुठे मोजले होते? आमची घोडी हौसा कुमैत रंगाची आहे, कपाळावर टिळा, मागचा एक पाय पांढरा. अकलूजच्या बाजारातून पाच वर्षांची असताना आणली. स्वभावाने इतकी गरीब की तीन वर्षांचं पोर पाठीवर बसवून मी निर्धास्त चहा प्यायला जायची. २०२३ च्या फेब्रुवारीत ती बिनसली. दर पन्नास पावलांवर थांबायची, पाय फाकवायची, जराजरा पिवळट मुतायची. दुसरी घोडी शेजारून गेली तरी किंचाळायची. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळायला गेलं की पोटाखालून पाय मारायची. एका मुंबईच्या बाईंनी फेरी अर्ध्यात सोडली आणि पैसे परत मागितले. बरोबरच होतं त्यांचं. मुलं विचारत होती, ‘घोडा सारखी सू का करतोय?’ काय सांगणार!

आठ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, चंदी (दाण्याचा खुराक) तोडा, हरभऱ्याची उष्णता आहे. मी मूर्खासारखी हरभरा बंद केला. घोडी वाळली, बाकी फरक शून्य. दुसऱ्याने कडुनिंबाचा रस पाजायला सांगितला. तिसरा म्हणाला, घोडा दाखवा, एकदा गाभण राहिली की अक्कल येते. चौथा तर सळई तापवून कमरेवर डाग द्यायला तयार होता. विस्तव पेटवलेला होता त्याने. मुलगा गप्प उभा होता. त्याच्या गप्प राहण्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, आधी माझ्या कमरेवर दे, मग तिच्या. विस्तवावर पाणी ओतलं आणि घोडी सोडून घरी आणली.

त्या रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे मी दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशोब लिहिते, तिथे मागचं आठवून पेन्सिलीने ठिपके मारले. ज्या दिवशी शेपूट वर, त्या दिवशी ठिपका. ११ फेब्रुवारी ते १ मार्च सलग एकोणीस ठिपके. मग चार दिवस काही नाही. होळीला पुन्हा सुरू.

दुसऱ्या माजाच्या नवव्या दिवशी एक डॉक्टरीण बाई आल्या. तरुण पोरगी, उंची माझ्याएवढीच. तालुक्याच्या पातळीवरच्या एका दवाखान्यात आम्हांला आधी सांगितलं होतं की ‘घोड्याचं आमच्याकडे होत नाही, लाथ लागली तर कोण जबाबदार?’ त्यांचीही अडचण मला कळते, त्यांचा खोडा, म्हणजे तपासताना जनावर अडकवून उभं करायची चौकट, बैलाच्या मापाचा. घोडी त्यात मागे लाथ घालते नाहीतर उडी मारून अडकते. म्हणून आम्ही घरीच गोठ्याच्या दारात उसाच्या गाडीची साटं आडवी लावून, मागे भाताच्या पेंढ्यांची थप्पी रचून सोय केली. बाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात घालून सोनोग्राफीच्या छोट्या यंत्रावर हौसाचे दोन्ही अंडाशय बघितले. मलाही दाखवले. काळ्या पडद्यावर काळे-काळे बुडबुडे, द्राक्षाच्या घडासारखे.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. घोडीचं अंग उजेडावर चालतं. दिवस लहान झाला की कितीतरी घोड्या थंडीत माजावर येणंच बंद करतात आणि दिवस मोठा व्हायला लागला की हळूहळू परत सुरू होतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, म्हणजे फरक थोडाच. म्हणून आपल्या सगळ्याच घोड्या थंडीत बंद पडतात असं नाही. पण ज्या वाळलेल्या असतात, पोटाला कमी पडलेल्या असतात, त्या पडतात. बंद आणि सुरू यांच्या मधला जो काळ, तो गोंधळाचा. अंडाशयात बीजं वाढतात, माज दाखवतात, पण एकही पुरतं पिकत नाही आणि फुटत नाही. गाईचं बीज दीड-दोन सेंटीमीटरचं झालं की फुटतं, घोडीचं साडेतीन ते साडेचार व्हावं लागतं, लिंबाएवढं. फुटलं की त्या जागी एक पिवळट गाठ धरते आणि ती गाठ माज थांबवणारा रस सोडते. बीजच फुटलं नाही तर गाठ नाही, गाठ नाही तर थांबवणारं कुणी नाही. मग माज दोन दोन, तीन तीन आठवडे रेंगाळतो, मध्येच जातो, परत येतो. दोन महिनेसुद्धा हा खेळ चालतो. एकदा पहिलं बीज फुटलं की गाडी रुळावर येते.

हौसाची सगळी बीजं तेव्हा दोन-अडीच सेंटीमीटरची होती. बाई म्हणाल्या, औषध नको, थांबा, चंदी पूर्ववत करा, कामाला लावू नका. मी हरभरा बंद केल्याचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. वाळलेल्या घोडीचा हा काळ आणखी लांबतो म्हणे. म्हणजे माज उतरावा म्हणून मी तो लांबवत होते.

ठिपके मारत राहिले. १९ मार्चला थांबला. गुढीपाडवा शांततेत गेला. २९ मार्च ते ५ एप्रिल परत. मग पंधरा दिवस कोरे. २१ एप्रिलला सुरू, २६ ला बंद, सहा दिवस. तिथून पुढे दिनदर्शिका बघून मी सांगू शकत होते की हौसा अमुक तारखेला टेबललँडवर जाणार नाही. मे महिन्यात ते सहा दिवस तिला खाली ठेवली आणि दुसरीवर भागवलं. कमाई बुडली, पण पैसे परत द्यायची वेळ आली नाही.

पुढच्या वर्षी मात्र मी औषध घेतलं, आणि त्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. अल्ट्रेनोजेस्ट नावाचं तोंडातून द्यायचं तेलकट औषध असतं. शर्यतीच्या घोड्यांकडे ते जास्त वापरतात, आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि स्वस्त तर मुळीच नाही. माज थांबवणारा जो रस गाठ सोडते, त्याचंच काम ते करतं. ते रोज द्यायचं असतं, एक दिवस विसरून चालत नाही. पन्नास किलो वजनाला एक मिली हे त्याचं प्रमाण. हौसाचं वजन आम्ही उसाच्या काट्यावर करून आणलं, २९० किलो. काटेवाला म्हणाला, मावशी, साखर उतारा किती? तर रोज सहा मिली, चंदीवर टाकून, पंधरा दिवस. हे थंडीच्या मध्यात देऊन उपयोग नसतो. बाईंनी आधी सोनोग्राफी करून बीजं मोठी व्हायला लागली आहेत हे बघितलं, मगच सुरू केलं. तिसऱ्या दिवसापासून घोडी शांत झाली. बंद केल्यावर आठवड्याभरात नीट माज आला, बीज फुटलं आणि एप्रिलचा हंगाम सरळ गेला.

पण ही बाटली घरात आली तेव्हा माझ्या सुनेला पाचवा महिना होता. बाईंनी दारातच विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का? ते औषध कातडीतून अंगात शिरतं. गरोदर बाईने, किंवा जिला दिवस जाण्याची शक्यता आहे तिने, हात लावायचा नाही. इतर बायकांचीही पाळी त्याने मागेपुढे होते. साधे पातळ मोजेसुद्धा चालत नाहीत, त्यातून ते झिरपतं. मग बाटली मी धान्याच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली, हिरवे जाड मोजे आणले आणि पंधरा दिवस चंदी फक्त मीच दिली. सुनेला गोठ्यात बंदी. तिला वाटलं सासू रागावलीय. आपल्याकडे गोठ्याचं काम बायकांकडेच असतं, म्हणून हे ठळक छापलंत तर बरं होईल. आणि गाई-म्हशींचं किंवा बायकांचं असलंच एखादं इंजेक्शन घोडीला टोचून बघणारेही आहेत. या जातीची सगळी औषधं घोडीला लागू पडत नाहीत. काही टोचली तरी तिचा माज हलत नाही, पैसे मात्र जातात.

याच वर्षी हौसाने मला आणखी एक धडा दिला. मे महिन्याच्या मध्यात पुन्हा तेच सुरू. शेपूट फिरवणं, पिचकारी, तंग आवळताना लाथ. मुलगा म्हणाला, आई, औषध संपलं म्हणून उलटलं. मी दिनदर्शिका काढली. तारीख जुळत नव्हती. माज संपून पाचच दिवस झाले होते. मग नीट बघायला लागले. गोठ्यात मोकळी असली की काही नाही, दुसरी घोडी शेजारी आली तरी शांत. खोगीर टाकलं की सुरू. खोगीर उलटं केलं तर आतला भराव मागच्या पावसाळ्यात दमट होऊन गोळे झालेला, उजव्या बाजूला मुठीएवढा दगडासारखा गठ्ठा. तिच्या पाठीवर त्या जागी बोट टेकवलं तर कातडी थरथरली. दहा दिवस पाठ मोकळी ठेवली, खोगीर उसवून नव्याने भरून घेतलं, आणि तो ‘माज’ निघून गेला. घोडीला पाठ दुखते, पोट दुखते, लघवीला जळजळ होते, हे सांगायला शेपूट आणि मागचे पाय एवढंच तिच्याकडे असतं. आपण ते एकाच शब्दात वाचतो.

मला सगळ्यात जास्त चुटपुट आहे ती मात्र आमच्याच लाइनीतल्या एका सबज्या रंगाच्या घोडीची. मालकाचं नाव लिहीत नाही, तो माणूस वाईट नाही. ही घोडी २०२० पासून बदलत गेली. आधी सारखीच माजावर, नंतर उलटंच. दुसऱ्या घोड्यांवर चढायला जायची, नरासारखी मान फुगवायची, माणसाला चावायची. मानही जाड झाली होती, हे मला आता आठवतं. तिला दोरांनी बांधून मारलंय, मी बघितलंय, आणि मी काही बोलले नाही. शेवटी खोडीची म्हणून २०२१ मध्ये तिला पाचव्या हिश्शाच्या किमतीत बाजारात काढली. घेणारा माणूस सोलापूरकडचा, दमाचा होता. त्याने तपासणी करून घेतली. एक अंडाशय नारळाएवढा, दुसरा आक्रसून सुपारीएवढा. अंडाशयातली गाठ. ही गाठ स्वतःच रस सोडते आणि घोडीला नरासारखी वागायला लावते. घोड्यांमध्ये ती बहुतेक वेळा पसरत नाही, तेवढा अंडाशय काढला की काम होतं. रक्ताच्या तपासणीतही कळते म्हणे. दिवाळीत अकलूजला गेले होते २०२४ ला, तेव्हा मी तिला ओळखलं. तिच्या पायाशी काळं शिंगरू होतं. दुसऱ्या अंडाशयाने वर्षभराने काम सुरू केलं आणि ती गाभण राहिली. मी जवळ गेले तर तिने माझ्या पदराला नाक लावलं. मला तिथे उभं राहवलं नाही.

म्हणून माझ्या अनुभवाचं म्हणणं एवढंच की, फेब्रुवारी-मार्चमध्ये माज रेंगाळला तर घाबरू नका. पण पावसाळा लागेपर्यंतही तो नियमावर आला नाही, किंवा घोडी नरासारखी वागायला लागली, मान जाडावली, घाण वासाचा स्राव आला, तर सोनोग्राफी केल्याशिवाय विकू नका आणि मारू तर नकाच.

दोन तोडगे मात्र बाजारात फार चालतात, त्यांच्याबद्दल लिहिते. एक, ‘गाभण करा’. घोडीला गाभण राहिल्यावर अकरा महिने लागतात, त्यातले शेवटचे महिने कामाचे नाहीत. आणि व्यायल्यावर आठ-दहा दिवसांतच ती परत माजावर येते. म्हणजे तोडगा तर नाहीच, वर एक शिंगरू पोसायचं. पोसायची ऐपत आणि हौस असेल तर जरूर करा. शांत करायला म्हणून जीव जन्माला घालू नका. दुसरा, काचेची गोटी. गर्भाशयात साडेतीन सेंटीमीटरची गोटी ठेवली की घोडी गाभण असल्यासारखी तीन महिने गप्प राहते, असं कुणीतरी परदेशातून ऐकून आलं आणि इकडे पसरलं. पद्धत खरीच होती, डॉक्टर लोक करायचे. पण निम्म्याहून कमी घोड्यांना गुण येतो, आणि गोटी आत फुटल्याचे, गर्भाशयात पू झाल्याचे प्रकार घडल्यावर आता शहाणे डॉक्टर ती वापरत नाहीत. आमच्याकडे एकाने पोरांच्या खेळातली गोटी धुऊन घ्यायचं ठरवलं होतं. त्याला मी काय बोलले ते आपण छापणार नाही.

आता वरातीबद्दल. आपल्या लग्नसराईचा जोर फेब्रुवारी ते मे, आणि घोड्यांचा हा गोंधळाचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. नवरदेव घोडीवर बसतो, घोड्यावर नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवसांत आपण तिला फटाके आणि डीजेमध्ये उभी करतो. वरातवाल्यांना माझी विनंती आहे की, घोडी ठरवताना मालकाला तारीख विचारा, ती माजावर असेल तर दुसरी मागा, आणि एकाच वरातीत पुढे घोडी आणि मागे बग्गीला नर घोडा ठेवू नका. मालकाने ‘नाही’ म्हटलं तर इसार परत घेऊन मोकळे व्हा, त्याच्याशी भांडू नका. आज तो ‘नाही’ म्हणत नाही, कारण हंगाम चार महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचं.

दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी मी चांदोबाच्या लिंबाला वारीतलं माउलींचं उभं रिंगण बघायला जाते. अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावते.

सरकारकडे मागणं फार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे ३ लाख ४० हजारांच्या घरात आले, सात वर्षांपूर्वी सव्वासहा लाख होते. एवढे कमी झाल्यावर कुणाला पडलीय, हे मला कळतं. पण आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जाणकारांनी वर्षातून एकदा, जानेवारीअखेर, पाचगणी-महाबळेश्वरच्या घोडेवाल्यांसाठी सोनोग्राफीचं शिबिर घ्यावं. खंबाटकीचा घाट ओलांडून एकेक घोडी टेम्पोतून नेणं आम्हांला परवडत नाही. यंत्र इकडे आणणं सोपं आहे. आणि तालुक्याला एखादा तरी खोडा घोड्याच्या मापाचा करावा. लोखंडी पाइप आणि मागे एक फळी, जास्त काही लागत नाही. मोजमाप हवं असेल तर आम्ही देऊ.

आपल्या वार्ताहरालाही माझा राग नाही. त्याने मालकाने सांगितलं ते लिहिलं. फक्त पुढच्या वेळी त्याने घोडीच्या शेपटीकडेही बघावं.

आज हौसाच्या दिनदर्शिकेवर तिसरा ठिपका पडलाय. म्हणून ती खाली गोठ्यात आहे, मुलगा दुसरीला घेऊन वर गेलाय, आणि मला हे एवढं लांब पत्र लिहायला दुपार मिळाली. जागेअभावी काटछाट करावी लागली तर सासऱ्यांचं आणि काटेवाल्याचं काढा. सुनेचं आणि मोज्यांचं ठेवा.

आपली नम्र,
एक घोडेवाली
पसरणी, ता. वाई, जि. सातारा